संस्कृती चाखताना घ्यावयाची काळजी

परक्या देशाची संस्कृती समजून घ्यायची तर पूर्वी तिथली भाषा शिकावी लागे, इतिहास वाचावा लागे आणि चार माणसांच्या घरी उठबस करावी लागे. आता या खटाटोपाचे कारण उरलेले नाही. तोंड, पोट आणि फोन एवढ्या भांडवलावर कोणतीही संस्कृती दोन जेवणांत आत्मसात करता येते. फक्त काही पथ्ये काटेकोरपणे पाळावी लागतात.

अस्सल काय आणि नक्कल काय, हे घरून निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे आणि तिथल्या लोकांना त्यात ढवळाढवळ करू देऊ नये. टोमॅटो आणि मिरची १४९२ नंतरच अमेरिका खंडातून बाहेर पडली, तेव्हा इटलीचा टोमॅटो आणि कोरियाच्या किमची या आंबवलेल्या भाज्यांतली मिरची या दोन्ही पाहुण्याच, अशी माहिती कोणी पुरवू लागल्यास विषय बदलावा. जर्मनीत डोनर कबाब या तुर्की पदार्थाच्या दुकानाकडे मुळीच वळू नये. तुर्कस्तानशी झालेल्या १९६१ च्या कामगारभरतीच्या करारानंतर तुर्की कामगार तिथे गेले, राहिले, त्यांची मुले-नातवंडे तिथेच वाढली आणि बर्लिनमधले लोक आज तो कबाब हौसेने खातात, हे सगळे खरे असले तरी आपल्याला जर्मन संस्कृती हवी आहे, जर्मनीत राहणारी माणसे नव्हेत.

युनेस्कोची अमूर्त सांस्कृतिक वारशाची यादी जवळ ठेवावी. मेक्सिकोचा पारंपरिक स्वयंपाक २०१० मध्ये, जपानचे वाशोकू, म्हणजे तिथला पारंपरिक आहार, २०१३ मध्ये आणि सिंगापूरची हॉकर, म्हणजे खाद्यविक्रेत्यांची, संस्कृती २०२० मध्ये तीत नोंदली गेली. खाल्ले की खूण करत पुढे जावे. फ्रान्सपाशी मात्र थोडी पंचाईत होते, कारण २०१० मध्ये तिथली जी गोष्ट यादीत गेली तो कोणताही पदार्थ नसून, आप्तेष्टांनी एकत्र जमून क्रमाक्रमाने आणि निवांतपणे जेवण्याची प्रथा आहे. एकट्याने, उभ्या उभ्या, वीस मिनिटांत ती कशी उरकावी, याचा खुलासा युनेस्कोने केलेला नाही.

इथिओपियात विशेष सावध राहावे. तिथे तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून इंजेरा करतात. मोठ्या गोल थाळीवर ती अंथरून तिच्यावरच कालवणे वाढतात आणि सगळे जण एकाच थाळीतून हाताने खातात. वेगळी प्लेट मागण्याची इच्छा होईल, पण ती छायाचित्र काढून होईपर्यंत आवरावी. जेवताना यजमान इंजेराचा तुकडा तोडतो, त्यात कालवण गुंडाळतो आणि तो घास स्वतःच्या हाताने पाहुण्याच्या तोंडात भरवतो. याला गुर्शा म्हणतात आणि त्यात मोठा जिव्हाळा असतो. हा क्षण निव्वळ संस्कृतीचा असल्यामुळे तो वाया जाऊ देऊ नये: आधी फोन शेजारच्याच्या हाती द्यावा, उजेड कुठून येतो ते पाहावे आणि घास नीट टिपला गेला नसेल तर यजमानाकडून तोच पुन्हा भरवून घ्यावा. नंतर कॉफी येते. हिरव्या बिया समोर भाजल्या जातात, त्यांचा धूर पाहुण्यांपर्यंत फिरवला जातो, मग त्या कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळतात आणि एकामागून एक तीन फेऱ्या होतात. तिन्ही फेऱ्यांना बसलो तर शेजारीपाजारी येऊन गप्पा मारू लागण्याचा धोका असतो, तेव्हा पहिला पेला होताच उठावे. चव तर कळलेलीच असते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करून मांस आणि दूध वर्ज्य करतात. त्या दिवशी एखाद्या खानावळीत आपल्याला मांस मिळाले नाही, तर ती सेवेतील त्रुटी म्हणून अवश्य नोंदवावी.

मेक्सिकोत स्वयंपाकाचा वर्ग लावावा, पण सकाळी जरा उशिराच पोहोचावे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवणे, सकाळी चोळून धुणे आणि वाटणे हे काम तोवर कोणा बाईने उरकलेले असते आणि आपल्या वाट्याला तव्यावर तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, उलटण्याचा आनंद तेवढा येतो. पदार्थ उचलावा आणि कृती तिथेच सोडावी, ही प्रवाशांची जुनी परंपराच आहे. युरोपीय लोकांनी मका नेला, चुन्याचे पाणी नेले नाही. त्यामुळे मक्यातले नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळेना आणि केवळ मक्यावर जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या गोरगरिबांत त्याच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. आपल्याला ती भीती नाही, कारण आपल्याला मका रोज खायचा नसतो.

बाजार मात्र पूर्वीसारखे राहिले नाहीत. फ्लॉरेन्सने २०१८ मध्ये काही गल्ल्यांत जेवणाच्या वेळी फुटपाथवर आणि उंबरठ्यांवर बसून खाण्यावर दंड लावला, तर जपानमधल्या कामाकुराने २०१९ मध्ये चालता चालता खाऊ नका, अशी विनंती केली. आपल्यामुळे त्यांच्या उंबरठ्यांवर तेलाचे डाग पडतात, अशा क्षुल्लक तक्रारी करणाऱ्या रहिवाशांना स्वतःच्या संस्कृतीची कदर नसते, असे मानून पुढच्या गल्लीत बसावे.

परतल्यावर आपण त्या देशाच्या खाद्यसंस्कृतीचे जाणकार झालेले असतोच. मग तिथला एखादा माणूस कुठे भेटलाच, तर त्याची आई तो पदार्थ करताना काय चुकते, हे त्याला सौम्य शब्दांत समजावून सांगावे आणि तो गप्प राहिला तर त्याला पटले असे धरून चालावे.