त्या पोरीच्या वतीने मी माफ कसं करू?

आत्यावर माझा जीव आहे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. टायफॉइड झाला तेव्हा रात्र रात्र उशाशी बसून पेज भरवली. म्हणूनच हे लिहिताना जड जातंय, पण लिहिणार आहे.

रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागा आज कितीतरी ठिकाणी नेपाळी माणसांच्या कष्टावर चालतात. फवारणी, राखण, झेल्याने आंबा उतरवणं, पेट्या भरणं, सगळं तेच बघतात. बंदरात जा, बोटींवरही नेपाळी खलाशी दिसतील. बरेचजण पावसाच्या तोंडावर गावी परततात. आत्याच्या बागेतलं कुटुंब मात्र बारमाही इथेच असतं. त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, मराठी आपल्या पोरांसारखंच बोलते.

आत्या त्यांची मजुरी कधी बुडवत नाही. कुणाला ताप आला तर डबा पाठवते. आणि त्याच घरात पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असतो. तो त्यांचा. चहा वरून ओतायचा, कप त्यांनीच विसळून ठेवायचा. मे महिन्यात माझ्या लेकीने खेळता खेळता त्या मुलीला माजघरात आणलं. आत्या म्हणाली, "मिचमिच्या डोळ्यांची ही माणसं, यांचा काय भरवसा? बाहेर बस गो." पोर निमूट उठून गेली. "आत्या, हे बरोबर नाही," मी तिथल्या तिथे म्हटलं. "तुला नाही कळायचं," एवढंच तिचं उत्तर.

घरचे म्हणतात, जुनं माणूस आहे, सोडून दे. मला हे अजिबात पटत नाही. आत्याचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ साली. रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी सगळ्या जातींच्या हिंदूंसाठी पतितपावन मंदिर बांधलं, ते १९३१ साली. त्या देवळात आत्या लहानपणापासून जाते. मग तिच्या काळाला कशाला बोल लावायचा? तिच्याच वयाची शेजारची काकू राखणदाराच्या बायकोला शेजारी बसवून फणसाचे गरे काढते की! शिवाय आत्याचे यजमान मुंबईला गिरणीत होते, गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. पोटासाठी घर सोडणं म्हणजे काय, हे तिला मी सांगायला नको. माहीत असून ती अशी वागते, हेच मला लागतं.

आणि माफ कर म्हणजे नेमकं काय करू? माझा अपमान झालेलाच नाही. झाला तो त्या पोरीचा, आणि तिला अजून कुणी एक शब्दही विचारलेला नाही. मी आत्यावर माया करू शकते, तिचं म्हातारपण निभावू शकते, निभावणारच आहे. पण त्या मुलीच्या वतीने झालं गेलं विसरून जायचा हक्क मला नाही.

गणपतीला जाणार आहे. आत्याला फोनवर स्पष्ट सांगितलंय, आरतीला ती मुलगी माझ्या लेकीशेजारी उभी राहील आणि प्रसादाला आमच्याच पंगतीत बसेल. आत्याने फोन ठेवला. अजून तिचा फोन आलेला नाही.