तुळस कुठं लावू?

गेल्या शनिवारी, वयाच्या 44व्या वर्षी, मी टॅटू काढायला गेलो आणि काउंटरवरच्या पोरीनं मान वर न करता माझ्यापुढं एक फॉर्म सरकवला. वर लिहिलेलं, पालकाचं संमतीपत्र. मी म्हटलं हे काय? तर म्हणाली, "अंकल, अठरा पूर्ण नसतील तर तुमची सही लागते. मुलगा बाहेर उभाय काय?" मुलगा घरी होता. तो नववीत आहे आणि त्याला टॅटूत काडीचा रस नाही. मी म्हटलं मलाच काढायचाय. तेव्हा तिनं मान वर केली, आधी माझ्या टकलाकडं बघितलं, मग पोटाकडं, आणि म्हणाली, "ओह." बास, एवढंच. आज बुधवार, ते ओह अजून उतरलं नाही.

तसं बघायला गेलं तर ह्या टॅटूच्या मागं तीन आठवडे गेले होते, आणि ते सगळे 'कुठं' ह्या एका शब्दात गेले. मी ज्याला त्याला विचारायचो, टॅटू कुठं काढावा रे? माझ्या डोक्यात दंड की मनगट की पोटरी असं चाललेलं, आणि लोक गावांची नावं सांगायचे. एक म्हणाला गोव्यात काढ, तिथले हात बसलेले असतात. दुसरा म्हणाला कोल्हापूर. तिसऱ्यानं हुबळीला ओळखीचा आहे म्हणून नंबरच पाठवला. बेळगावात काढ असं एकही माणूस म्हणाला नाही. आमच्याकडं हे जुनं दुखणं आहे, लग्नाचा बस्ता असू दे नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन, चांगलं काही करायचं म्हटलं की आधी बॅग भरायची. म्हटलं नाही, शंभर-सव्वाशे किलोमीटर जाऊन सुया टोचून घेण्यापेक्षा टिळकवाडीत टोचून घेऊ, परत येताना निदान भाजी आणता येईल.

काय काढायचं ते मात्र पक्कं होतं. आज्जीच्या हातावर गोंदलेली तुळस होती. एक उभी रेघ, दोन्ही बाजूला ठिपके, खाली चौकोनी वृंदावन, सगळं हिरवट-निळं होऊन कातड्यात पसरलेलं. लहानपणी तिच्या मांडीवर झोपून मी ते ठिपके मोजायचो आणि दर वेळी वेगळे भरायचे. एकदा तिला विचारलं होतं, इथंच का गोंदलंस? तर म्हणाली, जत्रेत गोंदणारीणीनं जो हात धरला त्याच्यावर गोंदलं, दुसऱ्या हातात चुरमुऱ्याचा पुडा होता. संपला विषय. तिला कुणी कुठं म्हणून विचारलं नाही आणि तिनंही तीन आठवडे घोळ घातला नाही.

आणि हे तर काहीच नाही. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात एक पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओट्झी त्याचं नाव, त्याच्या अंगावर 61 टॅटू आहेत. नुसत्या रेघा आणि फुल्या, आणि त्यातल्या बऱ्याच कमरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर. नेमके तिथलेच सांधे झिजलेले निघाले, म्हणून अभ्यासकांना वाटतं तो उपचार असावा. म्हणजे जिथं दुखतंय तिथं काढायचं, सोपं काम. त्या हिशोबानं माझी तुळस कमरेत, उजव्या गुडघ्यावर आणि हप्ते चालू असल्यामुळं शर्टाच्या खिशाखाली आली असती.

असो. फॉर्म बदलून घेतला. बीपी आहे काय, शुगर आहे काय, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत काय. पाचशे रुपये ॲडव्हान्स, जीपे केले. तासाभराची वेळ मिळाली. आणि मी खुर्चीत बसणार एवढ्यात सोफ्यावरनं आवाज आला, "सही करण्याआधी नीट वाचलास काय?"

सोफ्यावर एक सत्तरीचे गृहस्थ बसलेले. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. रिटायर्ड सुभेदार, गाव काकतीकडचं. आमच्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर कॅम्पातच असल्यामुळं दर चार घरांत एक सुभेदार निघतो, त्यामुळं त्याचं आश्चर्य नाही, पण सुभेदार टॅटूच्या दुकानात काय करायलेत? तर दाराजवळ त्यांचा नातू उभा होता, मानेला मफलर गुंडाळून. ऑक्टोबरच्या उन्हात मफलर. पोराला भरतीत उतरायचंय आणि त्यानं दोस्ताच्या नादानं मानेवर गरुड काढून घेतलेला. सुभेदारांनी मला मफलर बाजूला करून दाखवला. मला कोंबडी वाटली, पण मी बोललो नाही.

सुभेदारांची मागणी साधी होती, पुसून दे. टॅटू काढणारा पोरगा गोकाकचा, कानात बाळी, बोलायला अगदी गरीब. तो तिसऱ्यांदा समजावत होता की शाई कातडीच्या खालच्या थरात जाते, वरचा थर झिजत राहतो पण खालचा जागेवरच राहतो, म्हणून ते पुसत नाही, लेझरनं फोडावं लागतं, ते मशीन आमच्याकडं नाही, स्किनच्या डॉक्टरकडं जावा.

"मग वरनं कातडीच्या रंगाचा पेंट मार."

"तसं होत नाही री सर."

"भिंतीवर होतंय आणि मानेवर होत नाही?"

ह्याच्यावर त्या पोराकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. नातू पंख्याकडं बघत होता. आणि पुसण्याचं काम अडल्यामुळं सुभेदारांनी मोर्चा माझ्याकडं वळवला, ह्याचं तरी चुकू देणार नाही अशा निर्धारानं. फाइल बाजूला ठेवून माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले.

पोरानं विचारलं, "एल्लि हाकोणु सर?" कुठं घालायचं?

म्हटलं डाव्या दंडावर, बाहेरच्या बाजूला. तिथं दुखणं कमी असतं असं ऐकलेलं, बरगडीवर आणि कोपरावर म्हणे ब्रह्मांड आठवतं. त्यानं वापरून टाकायच्या रेझरनं दंडावरचे केस काढले, स्पिरिट लावलं, स्टेन्सिलचा म्हणजे छापाचा कागद दाबला आणि सोलला. जांभळ्या रंगात आज्जीची तुळस उमटली. खरं सांगतो, दोन सेकंद घशात काहीतरी आलं.

"डावा हात," सुभेदार म्हणाले. "ह्या हातानं काय धुतोस?"

मी गप्प. टॅटूवाला गप्प. काउंटरवरची पोरगी पहिल्यांदा मनापासून हसली.

पुसलं. उजवा दंड. परत रेझर, परत स्पिरिट, परत जांभळं. सुभेदारांनी माझ्या शर्टाची बाही खाली ओढली. "गेली. दिसतीय काय तुळस? तुळस अंगणात लावतात बाळा, माळ्यावर नव्हं." ह्याला काय बोलणार, मुद्दा बरोबर होता. मी पोटरी म्हणणार होतो पण तुळस आणि पाय हे एका वाक्यात घ्यायची हिंमत झाली नाही.

तिसरी जागा, उजवा हात, कोपराच्या खाली, बाहेरची बाजू. सुभेदार उठून उभे राहिले. माझं मनगट धरून हात सरळ केला, फिरवला, उजेडात धरला. नाकाला झेंडू बामचा वास आला. मग म्हणाले, "अनफिट."

"का?"

"बाहेरच्या बाजूला चालत नाही. आतल्या बाजूला, कोपरापास्नं मनगटापर्यंत, नाहीतर पंजाच्या मागं. बाकी कुठंही असलं की मेडिकलला बाहेर." आणि नातवाकडं बघून, "आम्ही घसा फोडून सांगतोय ते कोण ऐकत नाही."

"अहो काका, मला कुठं भरतीत जायचंय? 44 चालू आहे मला."

"वयाचं नंतर बघू," सुभेदार म्हणाले.

आता कुणी म्हणेल तू ऐकलंस कशाला. माझाच हात, माझेच पाचशे रुपये. पण ते मनगट धरून हात फिरवणं असं होतं की मी आपोआप पोट आत घेतलं आणि टाचा जुळवल्या. पतसंस्थेत वीस वर्षं हो साहेब हो साहेब केल्यावर कण्याला वेगळी सवय लागते. शिवाय ते टॅटूचं मशीन, त्याचीही गंमत आहे. एडिसननं कागदपत्रांच्या प्रती काढायला इलेक्ट्रिक पेन बनवलेलं, त्यावरनं न्यूयॉर्कच्या एका माणसानं 1891 मध्ये टॅटूच्या मशीनचं पेटंट घेतलं. म्हणजे मुळात हे कारकुनाचंच यंत्र. दिवसभर जे मी करतो तेच हे मशीन माझ्यावर करणार होतं, आणि इथंही शेजारी उभं राहून चुका काढणारा साहेब होताच.

मध्येच टॅटूवाल्यानं विचारलं, खाली नाव घालायचं काय? "कन्नडदाग? मराठीदाग?"

दुकान एकदम शांत. सोफ्यावर नंबर लावून बसलेलं जोडपं मोबाइलमध्ये घुसलं. काउंटरवरची पोरगी पेन शोधायला लागली. त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, इंग्रजीचा ऑप्शन विसरला एवढंच, पण बेळगावात हा प्रश्न असा सहज विचारत नाहीत. कर्नाटकच्या 2024च्या कायद्यानं दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड पाहिजे, मला क्षणभर खरंच वाटलं की हाताला पण हे लागू आहे काय, मनगटापासून मोजायचं की खांद्यापासून. आणि हसायचं सोडून सांगतो, मला कंटाळा आलाय ह्याचा. मला कन्नड बोलता येतं, भाजी घेता येते, भांडता तर फारच छान येतं, पण वाचता येत नाही, आणि शेताचा उतारा आला की दर वेळी कुणाला तरी चहा पाजून वाचून घ्यावा लागतो. पलीकडं महाराष्ट्रात गेलो की बोलण्यावरनं विचारतात, कर्नाटकातले काय तुम्ही? 1956 पासून तीन पिढ्यांनी हे ऐकलं, आता चौथी नववीत आहे. निदान कातडीवर तरी ही भानगड नको होती. म्हटलं नाव नको. नुसती तुळस.

"बराबर," सुभेदार म्हणाले. तेवढं एक बराबर मिळालं दिवसभरात.

चौथी जागा, उजवा हात, आतली बाजू, कोपर आणि मनगटाच्या मधोमध. परत केस काढले, जांभळं उमटलं. सुभेदारांनी चष्मा लावून बघितलं, दोन पावलं मागं जाऊन बघितलं आणि म्हणाले, "पास." मला इतका आनंद झाला की काय सांगू, बारावीचा निकाल लागला तेव्हा झाला नव्हता. टॅटूवाल्यानं सीलबंद पाकीट फाडून नवीन सुई काढली. मशीन चालू केलं. घुर्र.

"थांब."

टॅटूवाल्यानं मशीन बंद केलं. तोही आता त्यांच्याच हाताखाली होता.

"रविवारी मटण खातोस काय?"

आता बेळगावच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे. म्हटलं, खातो की.

"कुठल्या हातानं?"

मला त्याच क्षणी सगळं दिसलं. भाकरी कुस्करलेली, तांबडा रस्सा बोटांवरनं मनगटावर, मनगटावरनं पुढं ओघळत थेट वृंदावनापर्यंत. सुभेदार काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले. डाव्या हाताचं आधीच ठरलं होतं, उजव्याचं आता ठरलं. हात संपले. मी म्हटलं, "आमच्या आज्जीच्या उजव्या हातावरच होती हो, आणि ती तर मटण करायची." तर म्हणाले, "करायची. खायची काय?" आणि मला आठवेना. खरंच आठवेना. ती सगळ्यांना वाढायची हे आठवतंय, वाढपाचा तो हात आठवतोय, ती स्वतः काय खायची ते मी कधी बघितलंच नाही.

एवढ्यात काउंटरवरनं आवाज आला, अंकल तुमचा टाइम झाला. पुढच्या जोडप्याचा नंबर. त्यांना एकमेकांची नावं काढायची होती, दोघांची जागा घरनंच ठरलेली, पाच मिनिटात बसले पण. ॲडव्हान्स? तो परत मिळत नाही. चार स्टेन्सिल, एक रेझर, एक फाडलेली सुई, तासभर वेळ. आठ दिवसांत परत आलात तर वळता करून घेऊ. त्या पोराचंही चुकत नव्हतं, तरी पाचशे ते पाचशेच, आणि पुसायला आलेल्या माणसानं माझे घालवले, त्याचा स्वतःचा एक रुपया गेला नाही.

बाहेर सुभेदारांनी चहा पाजला, म्हणजे पैसे देताना नातवाकडं बघितलं आणि नातवानं दिले. निघताना म्हणाले, घाई करू नको, आणि वर्षभर रक्त देता येत नाही टॅटूनंतर, ते पण बघ.

घरी आलो तर दोन्ही हातांना मिळून चार ठिकाणी चौकोनी टक्कल आणि चारही ठिकाणी फिकट जांभळी तुळस, कारण ते स्पिरिटनं पूर्ण जात नाही. बायको म्हणाली, "हे काय, जनावराला लस टोचल्यावर मारतात तसले शिक्के?" मुलानं फोटो काढला. सोमवारी पतसंस्थेत फुल बाहीचा शर्ट घातला तर शिपाई म्हणाला, इंटरव्ह्यू आहे काय साहेब?

काल दुपारी मोबाइल वाजला. टॅटूवाल्यांचा मेसेज. त्या पोरीनं पहिला फॉर्म फाडला पण कॉम्प्युटरात नंबर तसाच ठेवलेला दिसतोय: 'प्रिय पालक, आपल्या पाल्याची अपॉइंटमेंट अपूर्ण आहे. शनिवारपर्यंत पाल्यास घेऊन यावे. येताना जागा ठरवून यावे.'

बायकोला दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जावा की. पाल्याला आधी मटण आणायला सांगा, उद्या पाव्हणे आहेत."