धडधाकटांचा ठराव

पुढच्या साथीत आरोग्याविषयीचे फॉरवर्ड सरसकट बंद करावेत, असं आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा ठरलं. ठरलं म्हणजे दादाने लिहिलं आणि बाकीच्यांनी होकाराचे अंगठे टाकले. 2020 च्या कोविडमधला काढ्या-वाफाऱ्यांचा मारा आठवला की त्याचा वैताग समजतो. पण मी आमवाताची पेशंट आहे, ती साथ मी इंग्लंडमध्ये काढली, आणि हा ठराव मला मान्य नाही. त्यात फोन हातात धरणारा प्रत्येक जण ठणठणीत असल्याचं गृहीत धरलंय.

ठणठणीत माणसाला बातम्या हव्या होत्या. आम्हाला हवं होतं ते निराळंच. रक्ततपासणी पुढे ढकलली गेली तर मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू ठेवायचं का? नवरा रोज कामावर जातो, न्हाणीघर एकच, तर निभवायचं कसं?

आणि गोळ्या. 21 मार्च 2020 ला ट्रम्पनी ट्विटरवर कोविडसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियावरच्या गोळीची भलामण केली. पाठोपाठ आयसीएमआरने, म्हणजे भारताच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून तीच सुचवली. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आणि आमवाताचे लोक ही गोळी वर्षानुवर्षं घेतात. नाशिकला माझ्या मावशीच्या केमिस्टकडच्या स्ट्रिप्स बघता बघता संपल्या. महिनाअखेरीस सरकारने गोळी शेड्यूल एच-1 मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. बरोबरच केलं, पण मावशीची चिठ्ठी जुनी आणि ओपीडी बंद. तिने घरच्या ग्रुपवर विचारलं. उत्तरादाखल सुंठ आली, गुळवेल आली, जोडलेले हात आले. थोड्या वेळाने तिने तो मेसेजच काढून टाकला. सुनेच्या माहेरची माणसंही ग्रुपवर आहेत, त्यांना कशाला कळायला हवं!

गोळी मिळाली ती मुंबईच्या एका बाईंनी चालवलेल्या आमवात पेशंटांच्या ग्रुपमुळे. कुठल्या होलसेलरकडे माल आलाय हे तिथे कळलं, आणि डॉक्टरांनी नव्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमावलीने त्याला रीतसर मुभाही दिली होती. या बाबतीत आपण पुढे होतो, हे कबूल करायलाच हवं. मी इथे इंग्लंडमध्ये माझ्या कन्सल्टंटला व्हॉट्सअ‍ॅप करायचं मनातही आणू शकत नाही. नर्सच्या हेल्पलाइनवर निरोप ठेवायचा आणि वाट बघायची.

इथे कागद मात्र चोख. अतिजोखमीच्या सुमारे 22 लाख लोकांना घरातच राहण्याची पत्रं धाडण्यात आली. आमवाताच्या लोकांसाठी ब्रिटिश सोसायटी फॉर ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने गुणांचा तक्ता काढला: औषधं, स्टेरॉइडचा डोस, वय, मधुमेह, सगळ्याचे गुण मांडायचे, बेरीज तीन किंवा जास्त झाली तर घराबाहेर पडायचं नाही. तक्ता डॉक्टरांसाठी होता, पण फेसबुकच्या ग्रुपमध्ये आम्ही बायका एकमेकींच्या बेरजा तपासत बसलो होतो. कुणाची दोन भरली की ती हिरमुसायची, कारण ऑफिसला दाखवायला पत्र नाही. घाबरून मनानेच औषध बंद करणाऱ्याही निघाल्या. पण ग्रुपचा नियम कडक होता: डोस कुणी सांगायचा नाही, हेल्पलाइनचा नंबर द्यायचा. असा नियम पेशंटच करतात, कारण डोस चुकला की काय होतं ते त्यांच्या सांध्यांना ठाऊक असतं.

आणखी एक गोष्ट दादाच्या लक्षात येणार नाही. महाराष्ट्राच्या रोजच्या बातमीपत्रात मृतांच्या आकड्याखाली लिहिलेलं असायचं की इतक्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे अतिजोखमीचे आजार होते. इंग्लंडच्या बातम्यांतही तेच. वाचणाऱ्याला हायसं वाटायचं: चला, आपल्याला तर काही नाही. पण ज्याला ते आहे त्यानेही तीच ओळ वाचलेली असते. मार्च 2020 मध्येच अशा तरुण पेशंटांनी हायरिस्ककोविड19 हा हॅशटॅग लावून स्वतःचे फोटो टाकले होते: अतिजोखमीचे म्हणता ते आम्ही. पुढे मे महिन्यात कोविड होऊन गेल्यावरही रेंगाळणाऱ्या त्रासाला 'लाँग कोविड' हे नावही ट्विटरवर एका पेशंटनेच, एलिसा पेरेगो या संशोधक बाईंनी वापरलं. डॉक्टरांनी ते नंतर उचललं.

बंदीचं म्हणाल तर तिची छोटी रंगीत तालीम झालेली आहे. एप्रिल 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी खोट्या संदेशांविरुद्ध आदेश काढला आणि ग्रुप अ‍ॅडमिनलाही जबाबदार धरलं. मावशीच्या त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, स्वतः आमवाताने वाकलेल्या. घाबरून त्यांनी ग्रुपवर इतरांना लिहायचीच बंदी केली. घरच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन दादाच. तिथे सुंठ आणि गुळवेल त्या आठवड्यातही बिनधोक येत होती.