‘लॉस्ट इन स्पेस’: दोष आहेत, पण ते नव्हेत

‘लॉस्ट इन स्पेस’चा विषय निघाला की चाहत्यांच्या गप्पांत एक ठरलेलं आरोपपत्र वाचलं जातं. १९६५ची मूळ अमेरिकी मालिका म्हणजे अंतराळात वाट चुकलेल्या रॉबिन्सन कुटुंबाची, घरच्यांबरोबर बसून बघायची हसती-खेळती गोष्ट. १९९८च्या चित्रपटानं तिच्यावर काळोख ओतला, त्यांच्या यानात अडकलेल्या डॉक्टर स्मिथसारख्या गमत्या माणसाला खुनशी केलं, जुन्या कलाकारांना उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि म्हणून तो तोंडावर आपटला. पुढे नेटफ्लिक्सनं नवी मालिका काढून ती चूक निस्तरली. मला स्वतःला हा चित्रपट फारसा आवडत नाही. पण आवडत नाही म्हणून त्याच्या नावावर कुठलाही गुन्हा खपवायचा का?

आधी स्मिथचं बघू. मालिकेचा पहिला भाग पुन्हा लावा. कृष्णधवल चित्र, रॉबिन्सनांचं यान ज्युपिटर २ उड्डाणाच्या तयारीत आणि हा गृहस्थ परक्या सत्तेचा हस्तक म्हणून यानात घुसलेला. पहारेकरी समोर आला तर हाताच्या एका फटक्यात त्याला आडवा करतो आणि कचरा टाकायच्या वाटेनं ढकलून देतो. मग यानातल्या रोबोत आज्ञा भरून ठेवतो: उड्डाणानंतर रॉबिन्सन कुटुंबासकट सगळं उद्ध्वस्त कर. शेवटी स्वतःच आत अडकतो. गॅरी ओल्डमनचा स्मिथ चित्रपटात हेच करतो, जवळजवळ याच क्रमानं. मग बिघडवला कोणी आणि काय?

गमत्या स्मिथ नंतर आला, आणि त्याचं श्रेय जोनाथन हॅरिस या नटाचं. नुसता खलनायक राहिलो तर चार-सहा भागांत आपला निकाल लागेल, हे त्याला कळत होतं. त्यानं आपले संवाद स्वतःच बदलायला सुरुवात केली, निर्माता अर्विन ॲलननं ते चालू दिलं, आणि स्मिथ भित्रा, लोभी, शेलक्या शिव्यांच्या लडी लावणारा झाला. हॅरिसचं नाव शेवटपर्यंत ‘खास पाहुणा कलाकार’ म्हणूनच झळकत राहिलं. पाहुणा आला आणि घराचा मालक झाला! त्यात जानेवारी १९६६मध्ये दुसऱ्या वाहिनीवर ‘बॅटमॅन’ सुरू झाली, तीही बुधवारी संध्याकाळी, नेमक्या याच वेळेला. मग इकडेही भडक रंग आणि भडक विनोद आले. तिसऱ्या वर्षी तर माणसाच्या उंचीचं बोलकं गाजर आलं. त्या भागाच्या चित्रीकरणात हसू आवरेना म्हणून आपल्याला आणि वडिलांचं काम करणाऱ्या गाय विल्यम्सला पुढच्या दोन भागांतून वगळलं, असं आईचं काम करणाऱ्या जून लॉकहार्टनंच नंतर सांगितलं आहे.

म्हणजे ८३ भागांच्या या मालिकेतल्या पहिल्या २९ कृष्णधवल भागांचा सूर बऱ्यापैकी गंभीर आहे. आणखी मागे जा. वाहिनीला दाखवायला बनवलेल्या, त्या वेळी कधीच प्रसारित न झालेल्या पहिल्या नमुना भागात स्मिथही नाही आणि रोबोही नाही. ‘मूळ’ म्हणायचं तर नक्की कुठलं?

कलाकारांच्या अपमानाची तर गोष्टच काढू नये. लॉकहार्ट चित्रपटात शाळेची मुख्याध्यापिका आहे, यान चालवणारा जुना मेजर वेस्ट म्हणजे मार्क गॉडर्ड सेनाधिकारी आहे, रॉबिन्सनांच्या मुलींचं, ज्युडी आणि पेनीचं, काम करणाऱ्या जुन्या नट्या पत्रकार म्हणून दिसतात. रोबोचा आवाज तर जुन्याच डिक टफेल्डचा. हॅरिस नाही, कारण एवढ्यातेवढ्या भूमिकेला त्यानं स्वतःच नकार दिला. मालिकेत धाकट्या मुलाचं, विलचं, काम करणाऱ्या बिल मुमीला चित्रपटात मोठा झालेला विल मिळायला हवा होता, ही तक्रार मात्र मला पटते. तो जमून गेला असता.

आता गल्ला. हा चित्रपट ३ एप्रिल १९९८ला लागला आणि पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत सुमारे २ कोटी डॉलर कमावून पहिल्या क्रमांकावर आला. तिथे सलग १५ आठवडे ‘टायटॅनिक’ ठाण मांडून बसला होता! पुढे मात्र गर्दी झपाट्यानं ओसरली. खर्च साधारण ८ कोटी, जगभरातली कमाई साधारण १३.६ कोटी. थिएटरवाल्यांचा वाटा वजा केला की हातात फार उरत नाही, म्हणून दुसरा भाग निघाला नाही. हिट नाही, हे कबूल. पण तोंडावर आपटलेला सिनेमा ‘टायटॅनिक’ला खाली खेचत नाही.

नेटफ्लिक्सनं २०१८मध्ये जुना खेळकरपणा परत आणला, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती मालिका बहुधा पाहिलेली नाही. तिथला रोबो परग्रहावरचा आणि जीवघेणा आहे, आई-वडिलांचा संसार मोडायच्या बेतात आहे, आणि पार्कर पोझीची स्मिथ तर दुसऱ्याचं नाव चोरून वावरणारी बाई आहे. ही वाट १९९८चीच, फक्त चालणारे जास्त सावध.

मग चित्रपटात खोट कुठे आहे? शेवटच्या पाऊण तासात. तोवर बरी चाललेली गोष्ट कालप्रवासात शिरते, स्मिथचा कोळी होतो आणि तो कोळी संगणकावर घाईत रंगवल्यासारखा दिसतो. त्याहून वाईट म्हणजे पेनीचं ते माकडासारखं परग्रही पिल्लू. याच चित्रपटातला रोबो बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिम हेन्सनच्या कार्यशाळेत खराखुरा बांधलेला होता. तो वळला की पडद्यावर त्याचं वजन जाणवतं. ते पिल्लू पेनीच्या कडेवर बसतं, तेव्हा तिच्या हाताला काही भार आहे असं एकदाही वाटत नाही. जुन्या मालिकेतही पेनीचं असंच एक पाळीव जनावर होतं, डेबी. डोक्यावर कानांची केसाळ टोपी चढवलेला चिंपांझी, बाकी काही नाही. टोपी सरळ टोपी दिसते, पण पेनी त्याला उचलते तेव्हा तिला थोडं मागे कलावं लागतं.