सुती म्हणून काय गळ्यात मारताय?

अमेरिकेत क्विल्टिंगचं चांगलं कॉटन यार्डाला १२-१४ डॉलर. यार्ड म्हणजे ३६ इंच, पन्हा जेमतेम ४४. डबल बेडच्या गोधडीला पुढचं-मागचं मिळून १० यार्ड सहज लागतं, म्हणजे नुसत्या कापडाचेच शंभरावर डॉलर! महाग आहेच, पण निदान वीण घट्ट असते, धुतल्यावर दगा देत नाही.

आणि इथे? कापूस आपल्या विदर्भात पिकतो, आणि दुकानात ‘प्युअर कॉटन’ म्हणून काहीही खपवतात. दोरा काढून काडी लावा, भुरभुरीत राख पडायच्या ऐवजी टोकाला कडक काळा मणी तयार होतो. पॉलिस्टर! जे खरंच सुती निघतं, त्याची खळ पहिल्याच धुण्यात जाते आणि हातात राहते मच्छरदाणी. लाल रंग शेजारच्या पांढऱ्या ठिगळावर उतरतो तो वेगळाच. हाताने घातलेले सगळे टाके मातीत.

वर दुकानदार म्हणतो, “ताई, हा एक्स्पोर्टचा माल बघा.” म्हणजे चांगलं विणता येतं की! मग तेच रोज का नाही ठेवत? चार पैसे जास्त द्यायला तयार आहे मी. पण ताग्यावर सूत किती, पॉलिस्टर किती, ते खरं लिहा ना!