मागून हाक आली नाही

मागच्या रविवारी न्यू जर्सीतील एका शाळेच्या व्यायामशाळेत भरलेल्या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात माझा जो पराभव झाला, तो पैशांत मोजला तर क्षुल्लक आहे; पण माझे बालपण आईचा हात धरून तुळशीबागेतील घासाघीस पाहण्यात गेले असल्यामुळे मला तो घराण्याचा पराभव वाटतो.

मला हवे होते ते एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातील, अल्को कंपनीचे आरएस-३ इंजिन. पुणे स्टेशनात एके काळी काळा धूर ओकणारी आमची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिने मूळची याच कंपनीच्या आराखड्यावरची, तेव्हा हे त्यांचे चुलतआजोबाच म्हणायचे. चिठ्ठीवर ६० डॉलर लिहिले होते. रविवारी दुपारनंतर सामान परत खोक्यांत भरण्याचा कंटाळा विक्रेत्याला नरम करतो, या हिशेबाने मी ४० म्हणालो आणि तो ५५ वर आला.

इतक्यात पट्ट्यापट्ट्यांची टोपी घातलेले आणि गॅलिसवर रेल्वेचे बिल्ले टोचलेले एक वृद्ध गृहस्थ मध्ये पडले. "पंचावन्न? याचे?" असे म्हणून त्यांनी माझ्या हातातील इंजिन काढून घेतले आणि उलटे केले. आतली प्लास्टिकची दातेरी चाके तडकतात आणि मग इंजिन टकटक करत चालते, डबे जोडणारे कपलर जुन्या पद्धतीच्या हुकांचे आहेत, डीसीसी (इंजिन डिजिटल संदेशांनी चालवण्याची यंत्रणा) नाही, ते बसवायचे तर खर्च वेगळाच, असा पंचनामा करून झाल्यावर त्यांनी खोक्यात नाक खुपसून दीर्घ श्वास घेतला आणि गंभीरपणे निकाल दिला, "तळघर. ओलसर तळघर." विक्रेत्याचा चेहरा उतरला. परक्या देशात असा वकील फुकट मिळाल्याने मला गहिवरून आले.

मग मी तुळशीबागेचा नियम पाळला: इंजिन खाली ठेवले आणि चालू लागलो. दहा पावले झाली, वीस झाली, तरी मागून हाक येईना. तीन टेबलांपलीकडे मी प्लास्टिकच्या झाडांचे खोटे निरीक्षण करीत कान टवकारून उभा राहिलो. अखेर वळून पाहिले, तर वकीलसाहेब नोटा मोजत होते. पस्तीस डॉलर! घासाघिशीला सुरुवात मी केली, विक्रेत्याचा तिरस्कारही मीच ओढवून घेतला आणि माल मात्र दुसऱ्याच्या काखेत गेला. याला काही नियम आहेत की नाहीत?

दारापाशी त्यांनीच मला गाठले. "खोक्याच्या वासाची काळजी करू नका," ते आपुलकीने म्हणाले, "दोन दिवस उन्हात ठेवले की जातो."