हातोड्याआधी पाणी येतं

नागपूर स्थानकाचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या वादात एक उत्तर ठरलेलं आहे: ‘1925ची इमारत तर ठेवताहेत, मग ओरड कशाची?’ सावनेरच्या दगडातली ती इमारत राहतेय याचा आनंद मलाही आहे. पण इमारत ‘ठेवणं’ आणि ‘राखणं’ यांत फार अंतर आहे.

जुनी इमारत पडते कशी? कबुतरांच्या घरट्यांनी आणि पाल्याने पन्हळ तुंबते, बिडाचा पाइप फुटतो आणि भिंत पावसाळाभर भिजत राहते. दगडांमधले सांधे चुन्याऐवजी सिमेंटने भरले असतील, तर ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. ती दगडातून वाट काढते, क्षार आत साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. वर छपराच्या लाकडी कैचीचं भिंतीत रुतलेलं टोक कुजतं, फटीत पिंपळ धरतो. मग कुणीतरी ‘धोकादायक’ असा शेरा मारतं, आणि तोवर तो खराही झालेला असतो.

इथे ब्रिटनमध्ये 1961-62 साली लंडनच्या युस्टन स्थानकाची कमान पाडली, ती हळहळ अजून गेलेली नाही. लंडनचंच सेंट पँक्रास स्थानक 1967मध्ये संरक्षित इमारतींच्या यादीत वरच्या श्रेणीत गेलं म्हणून वाचलं. आज इंग्लंड-वेल्समध्ये 1990च्या कायद्यानुसार, रिकामी संरक्षित इमारत मालकाने कुजवत ठेवली तर नगरपालिका सात दिवसांची नोटीस देऊन तातडीची डागडुजी स्वतः करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. परवानगीशिवाय पाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद. रेल्वेलाही ही परवानगी घ्यावीच लागते. सगळं आलबेल आहे असं नाही. एचएस2 या वेगवान मार्गासाठी 2017च्या कायद्याने सवलत दिलीच, पण कोणती इमारत आणि तिथे काय करायचं याची यादी कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी छापून.

आपल्याकडे रेल्वे अधिनियम 1989चं कलम 11 ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी’ म्हणत रेल्वेच्या बांधकामांना सरसकट मोकळीक देतं. शहराच्या वारसा समितीचं म्हणणं त्यापुढे सल्ल्याइतकंच उरतं. सवलत हवी तर घ्या, पण इमारतीचं नाव लिहून घ्या, एवढीच माझी मागणी आहे.

खरी काळजी लहान स्थानकांची वाटते. नागपूर-नागभीड नॅरोगेज 2019मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. उमरेड, भिवापूर ही त्याच मार्गावरची. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो, नॅरोगेजचा बराच ठेंगणा. जुन्या इमारतीला खेटून नवा फलाट बांधला की तिची जमीन खाली राहते, फलाटाचं पाणी थेट दारात येतं आणि ती ‘निरुपयोगी’ ठरते. फलाट काही फूट पुढे सरकवून मधे जाळीची गटार आणि दोन पायऱ्या काढल्या, तर तिथे तिकीटघर चालू शकतं. हे नकाशावर आखायचं काम आहे, आणि ते निविदा निघण्याआधीच व्हायला हवं.